शांता आपटे : पडद्यावरची नीरा आणि फाटकाबाहेरची बाई

(परभणी येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय बाहेर फलकावर लिहिलाय तो तुम्ही वाचलाच असेल. शांता आपटे, अभिनेत्री आणि गायिका. पाठीमागच्या रांगेतली तरुण मंडळी एकमेकांकडं बघतायत, म्हणजे नाव ओळखीचं नाही. त्यात त्यांचा दोष नाही. आणि पुढच्या रांगेतल्या ज्येष्ठांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, त्याचाही अर्थ आम्हाला कळतो. त्यांना एक छडी आठवली असणार. त्या छडीकडे आम्ही येऊच. पण सुरुवात तिथून करणार नाही, कारण शांताबाईंबद्दलची आपली सगळी गडबड तिथूनच सुरू होते.

आधी एक प्रश्न. ज्या बाईचा जन्म दुधनीचा, शिक्षण पंढरपूरचं, नोकरी पुण्याची, तिच्यावर परभणीत कशाला बोलायचं? त्याला आमची दोन उत्तरं आहेत. एक आत्ता सांगतो, दुसरं शेवटी.

पहिलं उत्तर आपल्या गंगाखेडचं आहे. जनाबाई इथली. इथून ती पंढरपूरला गेली, नामदेवांच्या घरी राबली, दळता-कांडताना गायली. आपल्या भाषेत बाईचा आवाज आणि बाईचे कष्ट हे पहिल्यापासून एका जात्यावर बसलेले आहेत. जनीच्या नाममुद्रेत आधी नामदेवांचं नाव येतं, मग तिचं. भक्तीच्या अंगाने त्याचा अर्थ वेगळा आहे, तो आम्हाला मान्य आहे. पण साधा प्रश्न उरतोच. गाणं बाईचं, गळा बाईचा, राबणं बाईचं. मग त्यावर नाव कोणाचं लागणार? त्याचा मोबदला कोण ठरवणार? शांता आपटे यांची सगळी कारकीर्द आम्ही या एका प्रश्नातून वाचतो.

आता थोडं मागे जाऊ. १८९९ साली गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' रंगभूमीवर आलं. म्हातारा नवरा, कोवळी मुलगी, पैशाला विकलेला बाप. जरठ-बाला विवाहावर मराठीत इतकं धारदार काही तोवर झालं नव्हतं. पण लक्षात घ्या, शारदेचं काम करणारा पुरुष होता. तिचं रडणं, तिचं गाणं, तिची लाज, सगळं पुरुषाच्या गळ्यातून प्रेक्षकांपर्यंत पोचत होतं. पुढं बालगंधर्वांनी स्त्रीच्या आवाजाचा असा काही नमुना घालून दिला की खऱ्या स्त्रियांनाही त्याच्याशी स्पर्धा करावी लागली. आम्ही हे बालगंधर्वांना कमी लेखण्यासाठी सांगत नाही. सांगायचंय ते एवढंच की मराठी बाईचं दुःख मराठी बाईच्या स्वतःच्या आवाजात ऐकायची सवय आपल्याला फार उशिरा लागली. हिराबाई बडोदेकर, ज्योत्स्ना भोळे या रंगभूमीवर उभ्या राहिल्या, आणि लगोलग बोलपट आला. त्या बोलपटानं जो आवाज पुढं आणला, तो शांता आपट्यांचा.

वडील रेल्वेत स्टेशनमास्तर. आपल्याकडं पूर्णा जंक्शनच्या आसपास वाढलेल्यांना ते वातावरण सांगायला नको. गाडीच्या वेळा, क्वार्टर्स, घरात एखादी पेटी. पंढरपूरला संगीताचं शिक्षण झालं. १९३२ च्या 'श्यामसुंदर'मध्ये शाहू मोडक कृष्ण झाले आणि शांताबाई राधा. वयाची विशीसुद्धा आलेली नव्हती. नंतर प्रभात. 'अमृतमंथन' १९३४, 'अमर ज्योती' १९३६, 'कुंकू' १९३७, 'गोपालकृष्ण' १९३८. जेमतेम पाच वर्षं. एवढ्यात हिंदी आणि मराठी दोन्ही पडद्यांवर हे नाव घराघरांत गेलं. हिंदीत 'कुंकू'चं नाव 'दुनिया न माने' होतं, तेही तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल.

या बाईच्या गाण्यात वेगळं काय होतं? आम्ही शास्त्रीय संगीताचे जाणकार नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या बाजूनेच बोलतो. आवाज पातळ आहे, वर चढतो, थोडा नाकातून येतो. आजच्या कानाला पहिल्या मिनिटाला तो बोचतोसुद्धा. भारदस्त बैठकीचा तो आवाज नव्हे. पण तो बोलतो. शब्द उच्चारताना त्यात राग असेल तर राग ऐकू येतो, थट्टा असेल तर थट्टा. त्या काळातले इतर पडदे बघा. गाणं आलं की नट खांबासारखा उभा राहतो, समोर बघतो, ताना घेतो, आणि गाणं संपलं की पुन्हा नट होतो. कथा तेवढा वेळ बाहेर ओट्यावर बसून राहते. शांताबाई गाताना डोळे फिरवतात, मान वळवतात, हातातलं काम करत राहतात. गाणं म्हणजे थांबा, असं त्यांच्याकडं नाही. गाणं म्हणजे पुढचं वाक्य.

याचं श्रेय एकट्या त्यांचं नाही. केशवराव भोळे यांनी 'आंधळ्यांची शाळा'मध्ये १९३३ सालीच लहान, भावाला धरून चालणारं नाट्यगीत करून दाखवलं होतं. तेच भोळे प्रभातमध्ये 'अमृतमंथन' आणि 'कुंकू'चे संगीतकार झाले. 'अमर ज्योती' आणि 'गोपालकृष्ण' मास्तर कृष्णरावांचे. शांतारामबापूंसारखा दिग्दर्शक. असं माहेर मिळायला भाग्य लागतं. पण चाल कितीही नेमकी असली तरी ती चेहऱ्यावर आणायला माणूस लागतो. तो माणूस इथं होता.

आता 'कुंकू'कडं येऊ. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा चित्रपट. आडनाव सारखं आहे, म्हणून गैरसमज नको. आमच्या मुद्द्याशी त्याचा संबंध नाही. नीरा नावाची पोरकी मुलगी. मामा तिला फसवून एका विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतो. वकील, म्हणजे काकासाहेब, झालेत केशवराव दाते. घरात मोठा झालेला सावत्र मुलगा, बालिश आणि वाह्यात. आणि एक विधवा सावत्र मुलगी, वयानं नीरेहून मोठी, समाजकार्य करणारी. ती झाल्या आहेत शकुंतला परांजपे. हे तुम्ही मुद्दाम लक्षात ठेवा, कारण शकुंतलाबाई नुसत्या नटी नव्हत्या. संततिनियमनाच्या प्रचारात आयुष्य घातलेली ही बाई. म्हणजे पडद्यावर सुधारकाचं काम खरा सुधारक करत होता.

शारदा आणि नीरा यांच्यात नेमका फरक काय? शारदेची बाजू घ्यायला नाटकात एक तरुण लागतो. नीरेची बाजू नीराच घेते. ती या नवऱ्याला नवरा मानायला नकार देते. घरात राहते, पण त्याच्या खोलीत जात नाही. आदळआपट करत नाही, विहिरीकडं पळत नाही. फक्त नाही म्हणते आणि रोज म्हणत राहते. सावत्र मुलगा हात टाकायला जातो तेव्हा ती छडी उचलते आणि त्याला फोडून काढते. १९३७ साल आहे मंडळी. त्या काळात तो प्रसंग बघणाऱ्या बाईच्या मनात काय झालं असेल, याची कल्पना करा.

या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. हे फार महत्त्वाचं आहे. दुःखाचा प्रसंग आला की आपले व्हायोलिनवाले मागून रडायला लागतात, आणि मग प्रेक्षकाला स्वतः काही करायचं उरत नाही. इथं तसं नाही. भिंतीवरचं घड्याळ वाजतं, भांडं पडतं, पावलं वाजतात. त्या घराचा खरा आवाज येतो. अशा शांततेत जेव्हा शांताबाई गातात, तेव्हा ते गाणं सजावट राहत नाही. घरात जिला बोलायची मुभा नाही, ती गाते. एका ठिकाणी ती चक्क इंग्रजी कविता गाते, लाँगफेलोची 'अ साम ऑफ लाइफ'. मराठी वाड्यात, नऊवारी नेसलेली मुलगी इंग्रजीत गाते आहे. आज ते जरा विचित्र वाटतं, हसूही येतं. पण त्या मुलीला घराबाहेरच्या जगाचा पत्ता माहीत आहे, हे त्या गाण्यातून कळतं. नवऱ्यापेक्षा तिचं जग मोठं आहे.

एवढी स्तुती केल्यावर तक्रारही करायला हवी, नाहीतर ते समीक्षण कसलं? आमची तक्रार 'कुंकू'च्या शेवटाबद्दल आहे. काकासाहेबांना आपली चूक कळते. ते तिला मोकळं करायचं ठरवतात, आणि कसं, तर आत्महत्या करून. म्हणजे बघा, पूर्ण चित्रपटभर जी मुलगी स्वतःच्या नकारावर उभी होती, तिची सुटका शेवटी नवऱ्याच्याच हातून होते. सगळी सहानुभूती म्हाताऱ्याच्या पारड्यात पडते. केशवराव दाते इतके मोठे नट की शेवटच्या भागात प्रेक्षक नीरेला विसरून त्यांच्यासाठी हळहळतो. आणि नीरेला काय मिळतं? स्वातंत्र्य म्हणून वैधव्य मिळतं. नीरेनं दार उघडलं असतं आणि ती चालत निघाली असती, हा शेवट १९३७ सालच्या प्रभातला पेलला नाही. तो आजच्या किती मालिकांना पेलतो, तेही तुम्ही सांगा.

आणि आता आमचं मुख्य म्हणणं. तो शेवट शांता आपट्यांनी स्वतः लिहिला. पडद्यावर नाही, पुण्यात, प्रभातच्या फाटकाबाहेर.

१९३९ साल. करार आणि पगार यांवरून शांताबाईंचं आणि कंपनीचं बिनसलं. त्यांनी काय केलं? स्टुडिओच्या फाटकापाशी ठाण मांडलं आणि उपोषण सुरू केलं. देशातली इतकी नावाजलेली नटी, जिच्या नावावर तिकिटं खपतात, ती कंपनीच्या दारात उपाशी बसली आहे. तो परिसर आज फिल्म इन्स्टिट्यूटचा आहे. तिथं शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना कोणी सांगत असेल की नाही कोण जाणे, पण त्या दारात एक मोठी गोष्ट घडलेली आहे.

यात प्रभातला खलनायक करायचं आम्हाला कारण नाही. प्रभात ही त्या काळातली अत्यंत शिस्तशीर संस्था होती. भागीदार स्वतः स्टुडिओत राबणारे. नटांना महिन्याचा पगार, तालमी, शिक्षण. प्रभात नसती तर ही शांता आपटे दिसली नसती. पण म्हणूनच हा प्रसंग बोलका आहे. 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस' काढणारी, पडद्यावर अन्यायाविरुद्ध उभी राहणारी संस्था आपल्याच कलावंताच्या कराराचा प्रश्न आला की मालक होते. यात ढोंग आहे असं आम्ही म्हणत नाही. विचार चांगला असला तरी करारनामा आपल्या वाटेनं चालतो, एवढंच आहे. घरात समतेवर भाषण करणारा बाप हुंड्याच्या बैठकीत कसा गप्प होतो, ते आपण बघतोच की.

याच सुमारास सातासमुद्रापार काय चाललं होतं? हॉलिवूडमध्येही नटनट्या स्टुडिओच्या सात वर्षांच्या कराराला बांधलेल्या असत. आलेली भूमिका नाकारली की बिनपगारी बसवायचं, आणि तो काळ करारात पुन्हा जोडायचा. म्हणजे सात वर्षं कधी संपतच नाहीत. १९३६ साली बेट डेव्हिस इंग्लंडला निघून गेली. वॉर्नर कंपनीने तिला लंडनच्या कोर्टात खेचलं आणि ती हरली. मग ऑलिव्हिया डी हॅविलंड कोर्टात गेली आणि १९४४ साली जिंकली. सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं, असा निकाल लागला, आणि त्या नियमाला आजही तिचं नाव आहे. जूडी गारलंड तेरा वर्षांची असताना एमजीएमशी बांधली गेली. शांताबाई फाटकात बसल्या त्याच वर्षी, १९३९ ला, जूडीचा 'द विझर्ड ऑफ ऑझ' आला. अभिनय आणि गाणं दोन्ही एकाच देहात असलेली अशी मुलगी क्वचित होते. १९५० साली त्याच स्टुडिओनं तिला सोडून दिलं. गळा सोन्याचा, पण किल्ली दुसऱ्याकडं.

शांताबाईंचं हत्यार मात्र वेगळं. त्या कोर्टात गेल्या नाहीत, उपाशी बसल्या. गांधींच्या काळात हा मार्ग शाळकरी पोरालाही माहीत होता. पण तो राजकारणातून उचलून पगाराच्या भांडणात, तोही एका नटीनं, वापरावा, हे विलक्षण होतं. लोक हसलेही असतील. आणि एक उणीव आपण मान्य करायला हवी. डी हॅविलंडच्या निकालानं तिच्यामागून येणाऱ्या सगळ्यांना संरक्षण मिळालं. शांताबाईंचा उपास एकटीचा राहिला. त्यातून संघटना उभी राहिली नाही, नियम बदलला नाही. त्या प्रभातमधून बाहेर पडल्या, एवढंच झालं.

एवढंच? नाही. दुसऱ्या वर्षी, १९४० साली, त्यांनी एक पुस्तक लिहिलं. नाव – 'जाऊ मी सिनेमांत?' नावातलं प्रश्नचिन्ह बघा. नटीनं पुस्तक लिहायचं म्हणजे आठवणी, कौतुकं, कोणी काय म्हटलं. हे तसं नाही. सिनेमात यायची इच्छा असलेल्या तरुण मुलींनी विचारावा असा हा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर धंद्याच्या अंगानं दिलेलं आहे. हा उद्योग चालतो कसा, पैसा कोण घालतो, कष्ट कोण करतो, कलावंताची पिळवणूक कुठं होते. पडद्यावरची नटी ही राबणारी बाई आहे, पगारावर जगणारी, ही दृष्टी त्या काळातल्या किती विचारवंतांकडं होती? आपल्या चित्रपटसमीक्षेच्या इतिहासात या पुस्तकाला पहिल्या पानावर जागा हवी होती. ती मिळाली नाही, कारण लिहिणारी नटी होती, आणि नटीनं विचार करणं आपल्याला अपेक्षित नव्हतं.

आता ती छडी. सांगितलं जातं ते असं की 'फिल्मइंडिया'च्या बाबूराव पटेलांनी काहीबाही लिहिलं म्हणून शांताबाई छडी घेऊन त्यांच्या कचेरीत शिरल्या आणि त्यांना चोपलं. ही गोष्ट चवीनं सांगितली जाते. नीरेची छडी आणि ही छडी सांगणाऱ्यांच्या डोक्यात एक होऊन जाते. आम्हाला या गोष्टीचं वाईट वाटत नाही, पण तिचा परिणाम बघा. तापट बाई, तऱ्हेवाईक बाई, हातघाईवर येणारी बाई, अशी एक प्रतिमा तयार झाली. उपोषणही मग त्याच खात्यात जमा झालं, रागीट नटीचा तमाशा म्हणून. आणि पुस्तक? पुस्तकाचं कोणी नाव काढत नाही. बाईचा राग लक्षात ठेवायचा आणि तिचा युक्तिवाद विसरायचा, ही आपली जुनी खोड आहे. पुढच्या रांगेतल्या ज्येष्ठांनी राग मानू नये, त्या खोडीतून आम्हीही सुटलेलो नाही.

प्रभातनंतर काय झालं? १९४१ साली त्या तमिळ शिकल्या आणि तमिळ 'सावित्री'मध्ये सावित्री झाल्या. त्यात नारद कोण होतं, ठाऊक आहे? एम. एस. सुब्बुलक्ष्मी. मग लाहोरचा 'जमीनदार' १९४२, नूरजहाँबरोबरचा 'दुहाई' १९४३. मद्रास, लाहोर, मुंबई. एक मराठी मुलगी एकटीच्या बळावर एवढा मुलूख फिरली. पण खरं सांगायचं तर नीरेच्या तोडीची भूमिका पुन्हा मिळाली नाही. 'स्वयंसिद्धा'सारखा एखादा अपवाद. बाकी पौराणिक, पठडीतली कामं. पन्नाशीच्या दशकात तर फारच किरकोळ. काही भूमिका बघताना स्पष्ट जाणवतं की ही बाई कंटाळली आहे. अभिनय आवाजात शिल्लक आहे, डोळ्यांतून गेलाय. स्वतंत्र कलावंताला कोणीतरी दिग्दर्शक लागतो, संगीतकार लागतो, आणि तशी जोडी प्रभातबाहेर त्यांना जुळली नाही. स्वातंत्र्याची किंमत असते, ती त्यांनी भरली.

दुसरं कारण तंत्राचं. १९३५ साली कलकत्त्याला न्यू थिएटर्सनं पार्श्वगायन आणलं. दहा-पंधरा वर्षांत चित्र असं पालटलं की चेहरा एकीचा आणि गळा दुसरीचा, हीच रीत झाली. १९४६ च्या 'सुभद्रा'मध्ये शांताबाई आहेत, आणि त्याच चित्रपटात लहानशा भूमिकेत एक किशोरवयीन मुलगी आहे, लता मंगेशकर. एक युग संपत होतं आणि दुसरं दारात उभं होतं. पुढं लताबाईंनी जे दिलं ते अमूल्य आहे, त्यावर वाद नाही. पण जाता जाता एक गोष्ट हरवली. स्वतःच्या रागाला स्वतःचा सूर असलेली बाई पडद्यावरून गेली. सूर निर्दोष झाला आणि तो बोलणाऱ्या तोंडापासून सुटा झाला. शारदेचा आवाज पुरुषाचा होता, नीरेचा नीरेचाच होता, आणि नंतरच्या नायिकेचा दुसऱ्या कोणाचा. मधली ती दहा-पंधरा वर्षं आम्हाला म्हणून मोलाची वाटतात. १९६४ साली शांताबाई गेल्या.

इथं आणखी एका बाईचं नाव घ्यायलाच हवं. हंसा वाडकर. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईचं काम त्यांनीही पडद्यावर केलं. 'लोकशाहीर रामजोशी', 'सांगत्ये ऐका' यांतल्या त्यांच्या भूमिका तुम्हाला माहीत आहेत. १९७० साली त्यांचं 'सांगत्ये ऐका' याच नावाचं आत्मकथन आलं. अरुण साधूंनी ते शब्दबद्ध केलं. त्यात मराठवाड्यातल्या एका खेड्यात काढलेली वर्षं आहेत. एवढी मोठी नटी एका वाड्यात तिसरी बायको म्हणून अडकून पडते, आणि तो वाडा आपल्याच मुलखातला. श्याम बेनेगलांनी त्यावरून १९७७ साली 'भूमिका' केला आणि स्मिता पाटलांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हंसाबाईंचं पुस्तक वाचलं गेलं, त्यावर सिनेमा निघाला. आम्हाला त्याचा आनंदच आहे. पण मनात येतं, सोसलेल्या बाईची कहाणी आपण ऐकतो, डोळे पुसतो. हिशेब मागणाऱ्या बाईचं पुस्तक मात्र कपाटात राहतं.

आता परभणीत का, याचं दुसरं उत्तर.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २१ दरम्यान झाली. त्यात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांना विचारलं गेलं की लग्न कितव्या वर्षी झालं. राज्यात अठराच्या आत लग्न झालेल्या साधारण बावीस टक्के. आणि आपल्या परभणी जिल्ह्यात सुमारे अठ्ठेचाळीस. म्हणजे शंभरातल्या जवळजवळ निम्म्या. 'कुंकू' येऊन आठ दशकं उलटल्यानंतरचा हा आकडा आहे. नवरा आता म्हातारा नसेल, बावीस-चोवीसचा असेल. पण मुलीला विचारलं कोणी? नीरेला तरी कोणी विचारलं होतं?

आणि हे का होतं, तेही तुम्ही जाणता. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादम येतो. आपल्या जिल्ह्यातूनही माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. जोडी असली तर उचल मिळते. मग पोरीला एकटी मागं ठेवायची कुणाच्या भरवशावर, त्यापेक्षा लग्न लावून दिलेलं बरं. आणि एकदा उचल घेतली की हंगाम संपेपर्यंत सुटका नाही. फिटली नाही तर पुढच्या हंगामावर. मघाशी हॉलिवूडचा करार सांगितला, सात वर्षं कधी संपतच नाहीत, तेव्हा मधल्या रांगेतले काही जण माना डोलवत होते. आम्हाला ते दिसलं. नटीचा पगार आणि तोडकऱ्याची उचल एका मापानं मोजता येत नाही. शांताबाईंनी उपास केला तो पोट भरलेलं असताना केला, इथं उपास आपोआप घडतो. पण बांधून घेण्याची रीत ओळखीची आहे. ज्याच्याकडं कागद, त्याच्याकडं माणूस.

म्हणून आम्ही म्हणतो, शांता आपटे हा फक्त जुन्या गाण्यांच्या शौकिनांचा विषय नव्हे. 'कुंकू' आपल्या शाळांतून, महाविद्यालयांतून दाखवा. नुसता दाखवू नका, शेवट झाल्यावर दिवे लावा आणि मुलींना विचारा, तू असतीस तर हा शेवट कसा केला असता? म्हाताऱ्याच्या चिठ्ठीची वाट पाहिली असतीस का? उत्तरं ऐकायची तयारी मात्र ठेवा. ती गोड असतीलच असं नाही.

आणि 'जाऊ मी सिनेमांत?' पुन्हा छापा. कुठल्याही प्रकाशकानं छापावं, आम्ही पहिली प्रत घेऊ. त्या पुस्तकातला सिनेमा हा शब्द काढून तिथं कारखाना घाला, दुकान घाला, ऊसाचा फड घाला, सासर घाला. प्रश्न तोच राहतो. जाऊ मी? कुठल्या अटींवर? आणि नाही म्हणायची सोय आहे का?

नीरा पडद्यावर नाही म्हणाली, पण तिची सुटका दुसऱ्याने केली. शांताबाई फाटकात बसल्या, हरल्या असं लोक म्हणाले, पण आपल्या पायांनी बाहेर पडल्या आणि का बाहेर पडलो ते लिहून ठेवलं. आमच्या हिशेबी नीरेचा खरा शेवट तो आहे.

फार वेळ घेतला. चहा तयार आहे असं मागून खुणावतायत. कुणाला काही विचारायचं असेल तर आधी विचारा, आणि आज पहिला प्रश्न एखाद्या मुलीनं विचारावा एवढीच विनंती.